मतदानाच्या दिवशीचं मौन

आमच्या संसारात नवरा-बायकोनं दोघांनीच बाहेर पडायचा दिवस एकच होता आणि तो सरकारनं ठरवून दिलेला होता. मतदानाचा. एरवी लग्नकार्याला जायचं तर सासूबाई बरोबर, बागेत जायचं तर मुलं बरोबर, मंडईत जायचं तर मी एकटी. हे हडपसरच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला होते. मतदानाला कारखाना भरपगारी सुट्टी द्यायचा. सासूबाईंचं मत त्यांच्या गावी होतं आणि तिथवर जायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे मुलं सांभाळायला त्या घरी असायच्या. सकाळी लवकर आवरून मी इस्त्रीची साडी नेसायची, हे पांढरा शर्ट घालायचे आणि आम्ही निघायचो.

मतदान शाळेत असायचं. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. ह्यांची रांग नेहमी आधी सरायची, मग हे फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली माझी वाट बघत थांबायचे. मी बाहेर आले की आपला डावा हात पुढे करायचे, मी माझा करायची. कुणाची शाई जास्त पसरली ते बघून हसायचो. मत कुणाला दिलं ते ह्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. मग शाळेमागच्या गल्लीतल्या हॉटेलात जायचो. एक शिरा, एक उपीट. बश्या अर्ध्या झाल्या की अदलाबदल. कागदावर शिक्का मारायचे दिवस गेले, मशीन आलं, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, सासूबाई गेल्या, तरी हा आमचा रिवाज चुकला नव्हता.

तो चुकवला लोणीच्या बाईंनी.

त्यांना सगळे माताजी म्हणत. मी म्हणत नसे. लोणी काळभोरच्या पुढे उसाच्या रानात त्यांचा मठ होता, पत्र्याची शेड आणि समोर झेंडूचे वाफे. हे रिटायर झाल्यावर कारखान्यातल्या एका मित्राबरोबर एका गुरुवारी सहज म्हणून तिकडे गेले, आणि पुढच्या गुरुवारपासून मित्र यायचा बंद झाला पण ह्यांची स्कूटर काही थांबली नाही. तीस वर्षं मी ह्यांच्या तंबाखूवरून डोकं फोडलं होतं. रुसून माहेरी गेले होते, मुलांच्या शपथा घातल्या होत्या. तिथं त्या बाईंनी नुसतं म्हटलं, "दादा, तोंडात नाम असताना दुसरं काय ठेवता?" आणि ह्यांनी डबी येताना कालव्यात टाकून दिली. सगळे माझं अभिनंदन करत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

हेवा म्हणतात तो हाच. पंचाहत्तरीला आलेली, पांढऱ्या लुगड्यातली, जेमतेम चार दात असलेली बाई, आणि मला तिचा हेवा वाटत होता. एखादी ठसठशीत रंगेल बाई असती तर चार लोकांत भांडता तरी आलं असतं. हिच्याबद्दल तक्रार करायची कुणाकडे आणि काय म्हणून? तिच्यासाठी ह्यांनी कांदा-लसूण सोडला, चहातली साखर सोडली. माझ्या हातच्या भरल्या वांग्यांवर फिदा झालेला हा माणूस आता वांगं बाजूला सारून म्हणायचा, "माताजी म्हणतात, जिभेचे लाड करू नयेत." देव्हाऱ्यात सासूबाईंच्या पितळी देवांशेजारी तिचा फोटो आला. मी रोज सगळे देव पुसायची, फोटो तेवढा पुसायची नाही. महिनाभरात त्यावर धुळीचा थर बसला. मग हेच एक दिवस धोतराच्या सोग्यानं तो पुसताना दिसले, आणि इतक्या हळुवार हातानं, की मी स्वयंपाकघरात जाऊन पातेली आदळली.

मतदानाचं म्हणाल तर त्यात सगळा दोष त्या बाईंचा नव्हता, एवढं मी मानते. त्याआधीच्या एका निवडणुकीत एक उमेदवार आमच्या दारात येऊन ह्यांच्या पायाला हात लावून गेला होता. "काका, तुम्ही वडिलांच्या ठिकाणी." ह्यांना गहिवरून आलं. सोसायटीत दारोदार हिंडून ह्यांनी त्याचा प्रचार केला. तो निवडून आला. खडकवासल्याचं धरण भरून वाहत होतं आणि आमच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून हे त्याच्या कार्यालयात गेले. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. शेवटी तो बाहेर आला आणि विचारलं, "आपण कोण?" पुढच्या वर्षी त्यानं पक्ष बदलला, पण ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. "आपण कोण?" हे मात्र मनात रुतून बसलं.

तेव्हा माताजींचं बोलणं ह्यांना पटायला वेळ लागला नाही. त्या शिष्यांना सांगायच्या, ज्याला हात जोडायचे त्याला आपण जोडलेत, आता दारोदार हात जोडत फिरणाऱ्यांच्या नादी लागू नका. जपमाळ ओढताना तर्जनी माळेला लावत नाहीत, कारण त्या बोटानं आपण दुसऱ्याचे दोष दाखवतो. आणि ही माणसं शाई लावतात ती नेमकी त्याच बोटाला. म्हणून मतदानाच्या दिवशी त्यांच्या शिष्यांनी घरीच बसायचं, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मौन पाळायचं. कुणावर बोट दाखवायचं नाही, कुणाबद्दल बोलायचंही नाही. चुकून शब्द निघाला तर पुढच्या गुरुवारी माताजींना सांगून प्रायश्चित्त घ्यायचं.

पहिल्यांदा हे मौनात बसले तेव्हा मी एकटीच गेले. रांगेत उभी राहून सवयीनं पुरुषांच्या रांगेकडे बघत होते. माझ्या पुढे एक नवं जोडपं होतं. मत देऊन बाहेर आल्यावर दोघांनी बोटं गालाला लावून फोटो काढला, आणि मला त्या पोरीचा सुद्धा हेवा वाटला. कडुलिंबाखाली कुणीतरी मोटारसायकल लावली होती. हॉटेलात एकटीनं शिरायचा धीर झाला नाही. घरी येऊन मी बोट ह्यांच्या पुढे धरलं. ह्यांनी डोळे उघडले, शाई बघितली, मान डोलावली आणि डोळे मिटले. त्या बाईंनी माझा वर्षानुवर्षांचा सण हिसकावून नेला होता, आणि जाब द्यायला हे बोलतील तर ना!

पुढच्या मतदानाला मी ठरवलं, आपणही जायचं नाही. अध्यात्म वगैरे काही नाही, निव्वळ राग. तुमच्या बाईंसाठी तुम्ही मत सोडता ना, मग मी तुमच्यासाठी सोडते, बघू कुणाचं वजन जास्त.

सकाळीच खालच्या मजल्यावरची शेजारीण आली. ती मूळची इथल्याच गावातली, शेतीवाल्यांच्या घरातली. दारातूनच म्हणाली, "काकू, येताय न्हवं? ऊन चढायच्या आत जाऊन येऊ."

"तुम्ही जा. माझं काही खरं नाही."

"आँ? तुमी तर दरसाल पयल्या असताय की वो!"

हे पलंगावर माळ घेऊन बसले होते. माळ थांबली. मी गव्हाचा डबा ओढून गहू निवडायला बसले. दहा वाजले, अकरा वाजले. ह्यांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जेवण झाल्यावर उठून मतदानाची चिठ्ठी शोधून आणली आणि गव्हाच्या सुपात ठेवली. मी ती बाजूला ठेवली.

"तुमचं चालू द्या," मी म्हटलं. "मीपण आज मौनात आहे."

ह्यांना हसू आलं पण दाबलं. दुपारची झोप झाली. चहा झाला, बिनसाखरेचा. निवडून झालेले गहू मी पुन्हा निवडत होते. मतदान संपायला थोडाच वेळ उरला होता. हे समोर येऊन उभे राहिले, डाव्या हाताचं बोट वर करून दाखवलं, दाराकडे हात केला. मी मान हलवली. मग ह्यांनी माळ खुंटीला अडकवली आणि बोलले.

"अगं, तू जातेस म्हणून तर मी बसतो."

मी बघतच राहिले. सूर्य अजून चांगला हातभर वर होता. ह्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता.

माझ्या जाण्यावर ह्यांचं बसणं टेकलेलं होतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. इतकं सोयीचं अध्यात्म बघून रागही आला, खोटं कशाला बोलू. मतं मी द्यायची आणि पुण्य ह्यांनी घ्यायचं. तरीही मी उठले. इस्त्रीची साडी काढली. नेसून बाहेर आले तर दारात हे पांढरा शर्ट घालून चपला सरकवत होते.

शाळेच्या आत हे आले नाहीत. कडुलिंबाखाली उभे राहिले. मी जवळजवळ शेवटचीच होते. बाहेर येऊन हात पुढे केला. ह्यांनी माझं बोट धरून शाई नीट बघितली आणि आपलं कोरं बोट शेजारी धरलं. मग न बोलता शाळेमागच्या गल्लीकडे वळले. हॉटेलवाल्यानं उपीट आणि शिरा आणला. उपिटात कांदा होता, तेव्हा ह्यांनी ती बशी सगळीच माझ्याकडे सरकवली आणि शिऱ्यातलाही अर्धा माझ्यासाठी ठेवला.

गुरुवार आला तशी माझी पुन्हा कुरकुर सुरू झाली. आता हे लोणीला जाणार, त्या बाईंसमोर बसणार आणि मला मिळालेलं ते एक वाक्य तिच्या पायाशी नेऊन ठेवणार. ती काहीतरी प्रायश्चित्त सांगणार, हे ते मनोभावे करणार, म्हणजे तेही तिच्याच पदरात पडणार.

संध्याकाळी स्कूटर वाजली. हे वर आले, पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायले.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"काय?"

"मौन मोडलं ते."

"नाही," हे म्हणाले. "ते मी तुझ्याशी बोललो होतो."