टकटक मिस्त्रींची चार खोकी

प्लायच्या बाजारात त्याला सगळे टकटक मिस्त्री म्हणत, आणि तो लांबून येताना दिसला की दुकानदारांच्या कपाळाला आठ्या पडत. बाकीची गिऱ्हाइकं जाडी विचारतात, भाव विचारतात, बोर्ड टेम्पोत टाकतात आणि वाटेला लागतात. हा बाबा प्रत्येक बोर्ड भिंतीला उभा करणार, बोटाच्या पेराने वरून खाली टकटक करत जाणार, मध्येच कान लावणार आणि "आत पोकळ आहे" म्हणून बाजूला सारणार. मग कडेला डोळा लावून बाक बघणार. दोन बोर्ड हवे असतील तर ढिगातले निम्मे उलथेपालथे झालेच म्हणून समजा. एका दुकानदाराने त्याला तोंडावर विचारलं होतं, "मिस्त्री, प्लाय घेताय की डॉक्टरकी करताय?" मिस्त्री हसला नाही. "पुढचा काढ," म्हणाला.

त्याचं काम खोक्यांचं. खोकं म्हणजे गेम पार्लरमध्ये उभं असतं ते: वर पडदा, समोर दांडी आणि बटणं, खाली नाणं टाकायची फट. खेळणाऱ्यांचा सगळा जीव पडद्यात. पडद्याभोवती लाकूड आहे हे कुणाच्या गावीही नसतं. त्या लाकडावर दोघा भावांनी उभं आयुष्य काढलं. थोरला, म्हणजे हा टकटक मिस्त्री, निवडायचा आणि कापायचा. धाकटा त्यावर सनमायका चढवायचा. धाकट्याच्या हातून काही बिघडलं तर गिऱ्हाइकासमोर थोरला "माझ्याकडून झालं" म्हणून मोकळा व्हायचा, आणि गिऱ्हाईक वळलं की धाकट्याची अशी बिनपाण्याने करायचा की विचारू नका.

मग थोरल्याचं डोकं दगा देऊ लागलं. आधी कानावर पेन्सिल ठेवून ती घरभर शोधायचा, तोवर सगळे हसले. मग पटाशी फ्रिजमध्ये सापडली. मग स्क्रू आणायला गेलेला माणूस संध्याकाळी बसच्या डेपोत, सुटायला निघालेल्या बसमध्ये बसलेला सापडला. बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि हा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून तिला चहा मागायचा. धाकट्याची बायको मुकाट्याने चहा करून द्यायची आणि म्हणायची, "घ्या भाऊजी." दोन वर्षं तिने आणि धाकट्याने डोळ्यांत तेल घालून त्याला सांभाळलं. दाराला कडी, गॅसला कुलूप, आणि दिवसभर एकच जप: "दादा, राहू दे. दादा, तसं नाही, असं. दादा, तो माझा चष्मा."

थोरल्याची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. तिने तिकडे अशा माणसांना सांभाळणारी एक जागा पाहून ठेवली होती.

"काका, मला काय हौस आहे? माझे वडील आहेत ते. पण तुम्ही दोघं झिजून गेलात."

तिचं काही चुकत नव्हतं, आणि धाकट्याला नेमका त्याचाच राग येत होता. "तिथे नेलंस तर तो महिन्याभरात संपेल," तो म्हणाला. "हे हातातलं एक काम होऊ दे. लाकडात तो अजून चुकत नाही, तू ये आणि बघ. चुकला तर खुशाल घेऊन जा."

काम होतं जुन्या पार्लरचं. पाइप फुटून आत पाणी तुंबलं होतं आणि चार खोक्यांच्या प्लायचे थर खालून पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. ती खोकी पार्लरवाल्याच्या वडिलांच्या काळात याच दोघा भावांनी बनवलेली. पार्लरवाल्याला खोकी नवी हवी होती, पण रंग तोच, वडिलांच्या वेळचा. विटकरी, त्यात बारीक रेघ.

प्लायच्या दुकानात मालकाने एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाचा बोर्ड, पुढे केला. गुळगुळीत, स्वस्त, कापायला लोण्यासारखा. थोरल्याने त्याचा तुकडा हातात घेतला, नखाने कड कोरली आणि परत दिला. "पाणी लागलं की फुगून पाव होतो हा. पाइप काय परत फुटणार नाही?" मग टकटक सुरू झाली. धाकटा शेजारी श्वास रोखून उभा. थोरल्याने बाजूला सारलेल्या एका बोर्डावर त्याने स्वतः बोट वाजवून पाहिलं, खरोखरच पोकळ. त्याचा जीव भांड्यात पडला.

सनमायकाच्या दुकानात तर कमालच झाली. थोरल्याने नमुन्यांची पानं भराभर उलटली. "चकचकीत नको, पडद्याचा उजेड अंगावर घेतो. हा तांबडा आहे. हा विटकरी, पण रेघ जाड." दुकानदाराने हात वर केले, तो रंग यायचा कधीच बंद झाला होता. थोरला सरळ मागच्या गोदामात शिरला. धाकटा "दादा, कुठे चाललास" करत मागे धावला. मोडक्या दारांच्या मागे धूळ खात पडलेल्या शीट्स थोरल्याने पुढे ओढल्या आणि एकीवर ओली बोटं फिरवली. विटकरी, त्यात बारीक रेघ. "दुकानदाराच्या बापाने तेव्हा जास्तीच्या मागवल्या होत्या," तो म्हणाला. सकाळी काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शीट्स मोजून पाहिल्या तर खोक्यांच्या बाहेरच्या अंगांपुरत्याच होत्या, एकही जादा नाही.

खोक्याची बाजू म्हणजे सरळ फळी नव्हे. वर पुढे आलेली, मध्ये आत गेलेली, बटणांपाशी पुन्हा नाक काढलेली. कापताना सगळ्या सारख्याच. पण सनमायका चढला की पायातल्या चपलांसारख्या निम्म्या डाव्या होतात आणि निम्म्या उजव्या. म्हणून थोरल्याचा नेम होता: बाजू जोडीजोडीने समोरासमोर उभ्या करायच्या, बाहेरच्या अंगावर खडूने फुली मारायची, आणि मगच चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडायचा. कारण सोल्युशन लावलेली शीट एकदा टेकली की टेकली. मग ती कुणाच्या बापाला सुटत नाही.

त्या दिवशीही थोरल्याने एक बाजू उचलून भिंतीशी नेली आणि दुसरी उचलायला वळला. धाकट्याला वाटलं, झालं, गेला हा पुन्हा कुठेतरी.

"दादा, राहू दे ते! इकडे ये. मी सांगतो तेवढंच कर, पट्ट्या काढ."

थोरल्याने बाजू जागच्या जागी आणून ठेवली आणि टेबलाशी आला. टेबलावरच्या बाजूला सोल्युशन, शीटला सोल्युशन, आणि शीट आधीच टेकू नये म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या. धाकटा वरून शीट दाबत जायचा, थोरला एकेक पट्टी ओढून काढायचा. धाकट्याचं सगळं लक्ष थोरल्याच्या हातांवर. आता चुकेल, मग चुकेल. हात कुठेच चुकले नाहीत. निम्म्या बाजू झाल्यावर मात्र थोरला पट्टी धरून थांबला. त्याने शीटकडे पाहिलं, मग धाकट्याकडे पाहिलं.

"काढ ना, दादा!"

त्याने काढली. दिवस मावळायच्या आत सगळ्या बाजू झाल्या आणि धाकट्याने पुतणीला फोन लावला. "उद्या ये. खोकी उभी करतोय. बघ स्वतःच्या डोळ्यांनी." त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्याला झोप लागली.

सकाळी पुतणी आली, पार्लरवालाही आला. धाकट्याने ढिगातून दोन बाजू घेतल्या, सनमायका बाहेर करून समोरासमोर उभ्या केल्या. एकीचं नाक दाराकडे, दुसरीचं भिंतीकडे. त्याने तिसरी घेतली, चौथी घेतली. सगळ्या डाव्या. उजवी एकही नाही. एका कोपऱ्यात पटाशी घालून शीट उचकटून पाहिली, तर ती तडकून हातात आली.

त्याला कळलं. सगळ्या बाजू एकाच अंगाने टेबलावर मांडल्या होत्या त्यानेच. थोरल्याच्या हातांवर पहारा ठेवण्याच्या नादात आपले हात काय करताहेत याचा त्याला पत्ता नव्हता.

पार्लरवाल्याने थोरल्याकडे पाहिलं. पुतणीनेही तिकडेच पाहिलं. धाकट्याने तोंड उघडलं.

"माझ्याकडून झालं," थोरला म्हणाला.

"म्हाताऱ्याला कशाला जुंपता हो कामाला?" पार्लरवाला करवादला. "आता ती शीट कुठून आणणार?"

पुतणी रागावली नाही. तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आता तरी पटलं ना?"

धाकट्याला लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्याखाली सुटल्यासारखंही वाटलं. दोन वर्षांची अपुरी झोप माणसाला काय काय वाटायला लावते. तो "हो" म्हणाला.

मग त्याने स्वतःला बरीच आश्वासनं दिली. आज संध्याकाळी सांगू. तिला निवांत फोन करून सांगू. थोरल्याला मुलगी घेऊन गेली त्या सकाळी गाडीच्या काचेतून त्याच्या कानावरची पेन्सिल दिसत होती, तेव्हाही सांगता आलं असतं. खोक्यांना शेवटी साधा काळा सनमायका लागला, आणि पार्लरवाल्याने नाक मुरडत का होईना, ती नेली. शीट लावताना पट्ट्या काढायला बायको उभी राहिली.

पहिल्या भेटीला जाताना धाकट्याने सगळं मनाशी घोकून ठेवलं. थोरला तिथल्या आपल्या खोलीत कपाटासमोर उभा होता, दारावर टकटक करत. वाळला होता. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. धाकट्याला बघून म्हणाला, "भुसा आहे सगळा. वर नुसता कागद." कपाटाची कडेची पट्टी सुटली होती, ती तो अंगठ्याने दाबत होता आणि ती पुन्हा उठत होती.

"दादा," धाकटा पलंगाच्या कडेवर बसला, "त्या बाजू मी उलट्या लावल्या. तू नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"मी होतो की समोर. निम्म्या झाल्या तेव्हाच दिसलं. पुढच्या पालथ्या घालायला हव्या होत्या."

"मग तेव्हा बोलला का नाहीस, दादा?"

थोरल्याने पट्टीवरचा अंगठा काढला. लहानपणी धाकट्याने एखादा खुळा प्रश्न विचारला की बघायचा तसं त्याच्याकडे बघितलं.

"अरे, दिवसभर तुम्ही सांगता, दादा तसं नाही, दादा तसं नाही. मला वाटलं, हेही माझंच चुकत असेल."