फ्रीजमधला डोळा

डोळ्यांच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरना तोंडावर सगळे सिस्टर म्हणत आणि पाठ वळली की फ्रीजबाई. औषधांच्या फ्रीजची किल्ली कायम त्यांच्या कमरेला. दार कुणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की मागून आवाज यायचा, "काय, आत राहायला जायचंय का?"

तरुणपणी त्या लसींचा डबा खांद्याला अडकवून वस्त्या पालथ्या घालत. गरम झालेली लस म्हणजे नुसतं पाणी, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं. घरचं तर विचारूच नका. टॉर्चचे सेल, नवऱ्याचं गुडघ्याचं मलम, एकदा तर त्याचा चष्मासुद्धा गारेगार निघाला. केळी काळी पडायची, पण दोष केळ्यांचा.

या केळ्यांवरून त्यांना सगळ्यात जास्त छळायचा तो धाकटा दीर. धंद्यानं रंगारी, तोंडानं फाटका.

"वहिनी, उन्हाळ्यात मला वरचा कप्पा द्या हो."

"आधी पाय धुऊन या, भाऊजी. तिथं स्वच्छ वस्तू ठेवतात."

त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हा हाफ पँटमध्ये होता. त्याची बायको, म्हणजे सिस्टरांची जाऊ, हसून म्हणायची, "तुमचं भांडण संपलं की मला सांगा, मग मी माझं सुरू करते."

मग एक दिवस या रंगाऱ्याच्या उजव्या डोळ्यात भिजवलेला चुना उडाला. डोळा राहिला, नजर गेली. बुबुळाच्या कडेला म्हणे बियाण्यासारख्या पेशी असतात, त्या डोळ्याचा वरचा थर रोज नवा करत राहतात. चुन्यानं नेमक्या त्याच जाळल्या आणि बुबुळावर लालसर साय धरली. मोठ्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढायचा, दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये त्यातून पेशींचा पातळ थर वाढवायचा आणि तो जळक्या डोळ्यावर बसवायचा.

"पण पुन्हा पुन्हा तुकडा काढता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर एकाच्या नादात दुसराही जायचा."

तुकडा गेला, थर वाढला आणि दुपारी कुरियरचा माणूस डबा घेऊन थिएटरच्या दारात उभा राहिला. सिस्टरनी डबा हातात घेतला. डबा कोमट! झाकण उघडून बघतात तर आत बर्फाचा खडासुद्धा नाही.

"अरे, बर्फ कुठंय?"

"मला असंच दिलं बाई. असंच न्यायला सांगितलं."

"असंच? माझ्या दिराचा डोळा आहे हा! भाजी पोचवतोस का तू?"

रागानं त्यांनी झाकण टेबलाखाली भिरकावलं. आतली सीलबंद बाटली दोन्ही तळहातांत धरून नेली आणि फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, लसींच्या शेजारी, हळूच ठेवली. वेळेवर लक्ष गेलं म्हणून देवाचे आभार मानले. तेवढ्यात मोठे डॉक्टर दुसऱ्या तातडीच्या ऑपरेशनमध्ये अडकले आणि दिराचं सकाळवर गेलं. सिस्टर निर्धास्त. थंडीत आहे ना, मग काय बिघडतंय?

सकाळी दीर हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर, जाऊ बाकावर, आणि थिएटरचा फोन वाजला. लॅबच्या बाई होत्या.

"सिस्टर, थर नीट आहे ना? बाहेर खोलीतच ठेवलाय ना? फ्रीजमध्ये नाही ना गेला?"

सिस्टरांच्या तोंडून "हो" निघून गेलं. कशाला हो, ते त्यांनाही कळलं नाही. फोन ठेवला आणि खाली वाकून त्यांनी टेबलाखालचं झाकण ओढलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: खोलीच्या तापमानात ठेवावे. थंड करू नये.

फ्रीज उघडून बाटली काढली. आतलं पाणी गुलाबी, स्वच्छ, काल होतं तस्सं. पुसून टेबलावर ठेवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. डॉक्टरांनी तो थर डोळ्यावर बसवला असता, तो धरला नसता आणि नशिबाला दोष देऊन सगळे घरी गेले असते. स्ट्रेचरवरून दिराचा आवाज आला, "वहिनी, वरचा कप्पा तयार का?"

बाटली घेऊन सिस्टर तडक डॉक्टरांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "सर, मी ही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली होती."

डॉक्टर हात धूत होते. नळ तसाच वाहत राहिला.

"तुम्ही? सिस्टर, तुम्ही?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता नळ बंद केला. मग बाटली सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि त्यांनी सिस्टरनाही बघायला लावलं. ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटावा तसे पोपडे. पेशी आकसून गोल झालेल्या, मध्ये भेगा, कडेनं थर उचललेला.

"या जिवंत असतात सिस्टर, एकमेकींचे हात धरून उभ्या. फार उबेत खाखा करून दमतात, गारठ्यात हात सुटतात. साध्या खोलीत मात्र गप पडून राहतात."

डॉक्टरांनी लॅबला फोन लावला. पलीकडून लॅबच्या बाई म्हणाल्या, "त्याच तुकड्यातून वाढवलेला जोडीचा एक थर राखून ठेवलाय. पण बरेच दिवस झाले त्याला."

"फ्रीजमध्ये?" सिस्टरांच्या तोंडून गेलंच.

"कपाटात!" पलीकडून बाई कडाडल्या.

कपाटात! इतके दिवस! उघड्या खोलीत! सिस्टरना वाटलं, संपलं सगळं. तरी बाहेर जाऊन सांगायचं होतंच. त्यांनी ते स्ट्रेचरशेजारी उभं राहून सांगितलं, एकही शब्द न गाळता. जाऊ उठली आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. दीर छताकडं बघत म्हणाला,

"केळ्यांचं ऐकायला हवं होतं, वहिनी."

त्यात हसू नव्हतं. सिस्टरांना शिवी चालली असती.

लॅबच्या बाई दुपारी स्वतः बाटली घेऊन आल्या. "आता कुणावर सोपवायची हिंमत नाही," असं सिस्टरांकडं न बघता म्हणाल्या. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते वाकलेच.

"या, बघा."

सिस्टरनी डोळा लावला. नव्या फरशीसारख्या चिकटून बसलेल्या पेशी, कुठं फट नाही. कपाटात ठेवलेल्या! त्यांनी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. फरशी तशीच.

"ही जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या-माझ्याइतकी," लॅबच्या बाई म्हणाल्या. आवाज जरा मऊ झाला होता.

त्या ऑपरेशनला सिस्टरांनी थिएटरचा एसी स्वतः कमी करायला लावला, तेव्हा वॉर्डबॉय एकमेकांकडं बघत राहिले. बाटली टेबलावर, सिस्टर शेजारी, फ्रीजकडं पाठ करून.

थर धरला. साय हळूहळू ओसरली. तोवर जाऊ सिस्टरांशी कामापुरतंच बोलली. चहा पुढं ठेवायची आणि आत जायची. मग एके सकाळी डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर हात धरला आणि दिराला समोर बघायला सांगितलं. समोर सिस्टर होत्या. तो उजव्या डोळ्यानं बघत राहिला, बघतच राहिला.

"वहिनी, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले हो?"

जाऊच मागून म्हणाली, "त्या सकाळी झाले. मी यांना बघत होते ना खिडकीच्या काचेत." आणि पुढं येऊन तिनं सिस्टरांचा दंड धरला.