दारावरची तुरटी

मुलगी चेन्नईहून पंधरा दिवसांच्या रजेवर आली तेव्हा दंड अंगाला न टेकवता चालत होती, दोन्ही बगलांत एकेक उशी धरल्यासारखी. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गे आई, घामोळं."

संध्याकाळी दाखवलं. घामोळं नव्हतं. दोन्ही काखा लालभडक झालेल्या, मधे मधे सोललेल्या, कडेने काळपट.

कारण कळायला आणखी दोन दिवस लागले. तिच्या ऑफिसात एका लांब टेबलाशी सहा जण बसतात. एका सकाळी तिच्या जागेवर रंगीत कागदात गुंडाळलेला डिओडरंटचा डबा ठेवलेला होता. नाव नाही, चिठ्ठी नाही. त्या दिवसापासून ती दिवसातून चार-पाच वेळा फवारत होती. कातडी तिची पहिल्यापासून नाजूक. लहानपणी नव्या फ्रॉकच्या शिवणीनेसुद्धा पुरळ यायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि फवारणं बंद करा म्हणाल्या.

"बंद केलं की वास येतो आणि लावलं की आग होते," ती म्हणाली. "मग ऑफिसला जायचं कसं?"

राजीनामा तिने फोनमध्ये लिहून ठेवला होता. पाठवायचा तेवढा राहिला होता.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, त्यामुळे घरात काही झालं की आधी पुस्तकांकडे वळायची खोड आहे. घामावर माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे, पण ते सगळं श्रमाच्या गौरवाचं. काखेपर्यंत कोणी पोचत नाही. मुलीने तोवर फोनवर एक बाई शोधली होती. बाईचं स्वयंपाकघर पांढरंशुभ्र, काख संगमरवरी. ती अर्धं लिंबू काखेत फिरवून हसत होती. तिला लिंबाची काय, कशाचीच गरज दिसत नव्हती. आमच्या मुलीने तेच केलं आणि अर्धा तास पंख्याखाली हात वर करून बसली. दुसऱ्या दिवशी खायचा सोडा आणि खोबरेल. दोन तास बरं वाटलं, मग कालच्यापेक्षा वाईट.

"नैसर्गिक आहे," ती डोळे पुसत म्हणाली.

"खाजकुयलीही नैसर्गिकच आहे," मी म्हटलं आणि तिला घेऊन बाजारातल्या देशी औषधांच्या दुकानात गेले.

कुंभकोणमातल्या आमच्या घराच्या उंबरठ्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी मराठी चालते, बाहेर तमिळ. दुकानदार सत्तरीचे. पाठीमागे छतापर्यंत लहान लहान खण, त्यांतल्या एकावरही नाव नाही. मला वाटलं होतं, आंबेहळद, कचोरा, वाळा अशा सात-आठ पुड्या बांधून देतील. त्यांनी आधी विचारलं, "आता काय काय लावता?"

मी यादी सांगितली. मलम, लिंबू, सोडा, खोबरेल.

"अम्मा, एवढ्यात लोणचं मुरलं असतं," ते म्हणाले. मुलगी आल्यापासून पहिल्यांदा हसली. "डॉक्टरांचं मलम तेवढं चालू ठेवा. बाकी आठ दिवस काही नाही. दोन वेळा गार पाण्याने धुवायचं. जुन्या वेष्टीच्या, धोतराच्या मऊ तुकड्याने टिपायचं, घासायचं नाही. पुरतं वाळल्याशिवाय कपडा चढवायचा नाही. सुती, सैल."

"आणि वाळा?" मला रिकाम्या हाताने जाणं बरं वाटेना.

"पाण्यात टाका हवा तर. वाळा मनाला. कातडीला पाणी."

त्यांनी आम्हाला काहीही विकलं नाही. गुण येतो असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. हे त्यातले नव्हते, म्हणून मी विश्वास ठेवला.

आठ दिवसांत लाली उतरली, सोललेलं भरून आलं. चौथ्या दिवशी मात्र वास होता. ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलगी मागच्या अंगणात जाऊन बसे आणि दर घटकेला स्वतःच्या खांद्याकडे मान वळवी. आमचे हे दुसऱ्या खोलीतून, वर्तमानपत्राच्या आडून म्हणत, "कुठे काय येतो?"

नवव्या दिवशी तिने फोनवर एक वस्तू दाखवली. लाकडी झाकणाच्या नळीत पारदर्शक दगड. हिमशिखरांच्या पोटातलं खनिज, प्राचीन ज्ञान, संवेदनशील त्वचेसाठी. मी सवयीने शेवटच्या बारीक ओळीपासून वाचायला लागले. घटक एकच होता.

"ही तुरटी आहे," मी म्हटलं. "आपल्या दारावर लोंबते ती."

घरावर वरचा मजला चढला तेव्हा ह्यांनी दारावर काळ्या दोरीने तुरटीचा खडा टांगला. इथे दुकानांवर, घरांवर सगळीकडे असतो, दृष्ट लागू नये म्हणून. "माझा विश्वास नाही, पण लोकांचा आहे," हे ह्यांचं स्पष्टीकरण. ह्याच न्यायाने ते सत्कारही स्वीकारतात. कपाटात सतरा शाली आहेत आणि गावात थंडी नाही.

मुलगी स्टूल घेऊन दाराशी गेली. हे आंघोळ करून बाहेर आले.

"काय चाललंय गे?"

"तुरटी काढते, अप्पा. काखेला लावायला."

"अगे, वर्षभर अख्ख्या रस्त्याची दृष्ट ओढून बसलीय ती."

"म्हणजे चांगली ओढते. माझ्या तर दोनच काखा आहेत."

हे स्टुलाचा पाय धरून उभे राहिले, काढू देण्यासाठी की न देण्यासाठी ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी दारावरच्या खड्यावर चढलेली धूळ पाहून तिनेच बेत सोडला आणि आम्ही त्याच दुकानातून नवा तुकडा आणला. ह्या वेळी दुकानदारांनी विकला, पण सहज नाही. "आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. मग धुतलेल्या काखेत ओला खडा एकदा फिरवा, एकदाच. केस काढाल त्या दिवशी नको. चुरचुरलं तर सोडून द्या, तुरटीही सगळ्यांना मानवत नाही."

तिला मानवली. पण वासाचं काय, हे घरात ठरेना. "तुम्ही माझेच आहात, तुम्हाला काय कळणार," ती म्हणाली. रजेचे तीन दिवस उरले होते. तिने परीक्षा स्वतःच ठरवली. भर दुपारी टाउन बसने शेजारच्या दारासुरमला जायचं, उभ्याने, वरचा दांडा धरून. दारासुरमला आमचं काहीही काम नव्हतं.

जाताना तिच्या हाताखाली नेमकी फुलवाली बसली, मांडीवर मोगऱ्याची टोपली. कुंभकोणमात कुठलाही प्रयोग निर्मळ होत नाही. परतीच्या बसमध्ये खाली एक पोक्त बाई होती, हातात नुसती पिशवी. ती मान वर करून बघायला लागली तशी मुलगी आक्रसली. तिचा हात दांड्यावरून सुटायच्या बेतात होता.

"अगं बाळ, ती बॅग दे इकडे," बाई म्हणाली आणि तिची बॅग मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. उभ्या माणसाची बॅग बसलेल्याने घ्यायची, ही इथली रीतच आहे. पण तिची नजर पुन्हा वर आली नाही, नाकाला पदरही गेला नाही. मुलीने हात सोडला नाही.

बसस्टँडवर उतरल्यावर ती माझ्याकडे वळली. "आता खरं सांग."

मी नाक जवळ नेलं. लोक बघत होते, बघू देत.

"येतो. थोडा. इतक्या जवळून."

"कसला?"

"घामाचा. भर दुपारी दारासुरमला जाऊन आलेल्या माणसाला येतो तसा."

"एवढाच?"

"एवढाच."

उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभं राहून तिने फोन काढला आणि लिहून ठेवलेलं पुसलं. मला मुद्दाम दाखवलं नाही, पण मी शेजारीच होते.

वाटेत शिंप्याकडे थांबलो. तिला तीन सुती कुडते हवे होते, अस्तर नको, बाहीखाली भरपूर कापड. शिंप्याला ते पटेना. "हल्ली सगळे घट्टच शिवून घेतात, अम्मा. हा आजीबाईंचा कट होईल."

तिने हात सरळ वर केला. "इथपर्यंत गेला पाहिजे."

त्याने बगलेशी टेप लावली, आकडा कागदावर लिहिला आणि कधी हवेत म्हणून विचारलं.

"रविवारी सकाळी," ती म्हणाली. "सोमवारी ऑफिस आहे."