सासऱ्यांची रिकामी गाडी

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. गुऱ्हाळं नुकती लागली होती. सांगलीत आंधळ्या मुलांचं एक वसतिगृह होतं, त्यांच्या मदतीसाठी आमच्या तालमीतल्या गड्यांनी तासगावपासून सांगलीपर्यंत पायी जायचं ठरवलं. डांबरी रस्ता सोडून, बांधाबांधानं. सांगलीच्या पेठेतल्या एका गूळ व्यापाऱ्यानं शब्द दिला होता, जो सगळी वाट चालत येईल त्याच्या नावानं वसतिगृहाला गुळाची एक ढेप. वाटेत गाडीत बसला की ढेप गेली. मी तिसरीतनं शाळा सोडलेला, पण चालण्यात मला कोण मागं टाकणार? "माझी ढेप आधीच काढून ठेवा," असं मी सगळ्यांदेखत सांगून बसलो.

एक गोष्ट तेवढी डोक्यात आली नाही. ती वाट माझ्या सासरवाडीतनं जात होती, आणि लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

आमची वर्दी तिथं आधीच पोचली होती. शिवारात शिरलो तर वाटेत बैलगाडी आडवी. बैलांवर झुली, गाडीत गादी, आणि शेजारी पटका बांधून सासरे उभे.

"पाव्हणं, बसा."

"आवं मामा, बसायचं न्हाई. चालतच जायचं हाय."

"का? बैलं इकली का काय?"

मी आंधळ्या मुलांचं सांगितलं. सासऱ्यांनी मान डोलावली. "चांगलं काम हाय. पण आमचा जावई गावातनं पायी गेला तर मला चावडीवर कोन बसू देईल? तुमी गाडीत बसा. पोरांस्नी गूळ मी देतो."

"तुमचा तुमी द्या की. माझी ढेप मी चालूनच देनार."

आणि निघालो. थोडं पुढं गेलो तर मागं घुंगरं वाजायला लागली. वळून बघतो तर गाडी मागोमाग येतीय, आणि सासरे कासरा धरून खालनं चालतायत.

"मामा, तुमी तरी बसा की!"

"जावई पायी आन सासरा गादीवर? लोक शेन घालतील तोंडात."

मग काय, सांगलीपर्यंत तसंच. आमचे गडी हसून हसून बेजार. एकजण म्हणाला, "गड्या, बैलं दमली तर गादीवर बसवायची का रं?"

पेठेत पोचलो. व्यापाऱ्यानं मला बघितलं, मागची सजवलेली गाडी बघितली, आणि मिशीत हसला. "तुम्ही तर थाटात आलात. तुमची ढेप काही मिळायची नाही."

माझं टाळकं सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासरेच पुढं झाले. वहाणा हातात घेतल्या होत्या, कारण टाचांना फोड आले होते. धुळीनं माखलेला एक पाय त्यांनी व्यापाऱ्याच्या ओट्यावर ठेवला. "शेट, ह्यो बघा. जावई गाडीत बसला असता तर मी कशाला चाललो असतो?"

व्यापाऱ्यानं ते फोड बघितले, आणि हमालाला हाक मारली. माझी एक ढेप काढली आणि सासऱ्यांच्या नावानं आणखी एक. सगळ्या ढेपा वसतिगृहात पोचवायला गाडी हवीच होती. ती आमच्याकडं होती. गादीवर गूळ बसून गेला.

परतताना मात्र मी गाडीत बसलो. चालणं संपलं होतं, आता बसण्यात काय कमीपणा? सासऱ्यांनी बैल असे रमतगमत हाकले की दिवस मावळायला आला. गावात शिरल्यावर त्यांनी गाडी चावडीपुढनं नेली, मारुतीच्या देवळाला वळसा घातला, आणि परत चावडीपुढनं आणली.

"मामा, घर तर तिकडं ऱ्हायलं."

"गप बसा पाव्हणं," ते म्हणाले. "जरा ताठ बसा."