भरलेला गुंड

पुस्तकाचा तिसरा धडा मी बंबात घातला तेव्हा मास्तर दारात उभे होते. मास्तर म्हणजे माझा नवरा. अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे.

"काहून जाळलं?"

"पाणी तापवाले."

ते खाटेवर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांची चित्रं जुन्या, काटेकोर वळणाची. आधी रेघ, मग सावली, रंग सगळ्यात शेवटी. चित्र कसं असावं यावर ते कित्येक वर्षं लिहीत होते. अकोल्याहून त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दर रविवारी एसटीने यायची आणि लिहिलेलं चांगल्या अक्षरात उतरवून द्यायची. तिसरा धडा कमरेवर पाण्याचा गुंड घेतलेल्या बाईचा होता. त्यासाठी दुपार दुपार उभी राहिले मी. चौथी शिकलेली मी, अक्षर लावत लावत तो वाचला. शेवटी लिहिलं होतं, बाईचं उभं राहणं पाहायला मला या विद्यार्थिनीने शिकवलं.

मग काय, त्याची पूजा करू?

रविवारी ती आली. सगळं ऐकून म्हणाली, "काकू, तुमी जिवाले लावून घेऊ नका. मले तो धडा पाठ हाये."

आणि खरंच म्हणून दाखवला. कुठं अडली नाही. कंबर माझी आणि पाठ तिला. मास्तर मान हलवत होते. मी लसूण सोलत होते.

"गुंडाच्या बाजूची कंबर आपोआप बाहेर येते," ती म्हणाली.

"रिकाम्या गुंडानं नाही येत," मी आतून म्हटलं. "भरून घे कमरेवर, मंग लिव."

मी नेहमी भरूनच घ्यायचे. मास्तरांना ते कधी कळलंच नव्हतं. तिने खरंच गुंड भरून घेतला. कंबर बाहेर आली, दुसरा हात लांब गेला. मास्तर पेन्सिल घेऊन उठले आणि बघत राहिले. तिच्याकडे.

पुस्तक छापून आलं. आज अमरावती-अकोल्याच्या चित्रकलेच्या वर्गांत त्यावरूनच शिकवतात. बाईला उभं करण्याआधी घडा भरायला लावतात, तेही त्यातच आहे. आभार तिचे आहेत. माझं नाव कुठं नाही. तीनदा शोधलं.

मास्तर गेले. मागच्या वर्षी अकोल्यात तीही गेली, मी मातीला गेले नाही. तिघांत जिवंत आहे ती मी.