चांदी घरी आल्यावर

आमच्या घरमालकीणबाईंना बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या सूस गावात सापडला नसता. परभणीहून नोकरीसाठी येऊन मी त्यांच्या वरच्या खोलीत सहा वर्षं काढली. त्या काळात मावशींना मी जिन्यात पाहिलं, ओट्यावर पाहिलं, शेरडांच्या वाड्याच्या दारात आणि भर रस्त्याच्या मधोमध पाहिलं. पण बूड टेकून, छे, नाव नको. चहासुद्धा त्या फेऱ्या मारत प्यायच्या. पहिला घोट तुळशीपाशी, दुसरा फाटकापाशी, आणि रिकामा कप शेजारणीच्या ओट्यावर, कारण चहा संपेपर्यंत त्या तिथवर पोचलेल्या असायच्या. टीव्ही दारातून उभ्यानं बघायच्या आणि मालिकेतली सून रडायला लागली, की "हिला काय कामधंदा न्हाई का?" म्हणून निघून जायच्या. नळाला पाणी नाही अशी तक्रार करायची, तर बोलत बोलत त्यांच्यामागून थेट बाणेरच्या रस्त्यापर्यंत जावं लागे. परत येईस्तोवर पाणी आलेलं असे, आणि त्याचं श्रेयही त्याच घेत.

त्यांच्या बैठकीत लेकीच्या लग्नाचा मोठा फोटो होता. सगळे पाव्हणे ओळीत ताठ उभे, आणि नवरीच्या उजव्या हाताला माणसाएवढ्या जागेत नुसता एक हिरवा फराटा. "ह्यो मी," असं त्या आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायच्या. फोटोवाल्यानं तीनदा सांगितलं होतं म्हणे, हलू नका. पण तेवढ्यात वाड्यातून शेरडू ओरडलं, त्याला मावशींचा काय इलाज?

शेरडं हाच त्यांचा जीव. पूर्वी त्यांची चाळीस होती. मग टेकडीच्या उतारावर सोसायट्या चढल्या, चराईच्या जागी हिरवळ आली, तिच्यावर पाऊल टाकलं की पहारेकरी शिट्टी मारू लागला, आणि शेरडं अकरावर आली. शेवटी मावशींच्या मुलानं ठरवलं, की सगळी मुठ्याला बहिणीच्या सासरी पाठवायची, तिकडे अजून रान आहे. रविवारी टेम्पो येणार होता. मावशी कुणाशी भांडल्या नाहीत. फक्त त्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून एक डिजिटल कॅमेरा मागून आणला होता. म्हटलं, आठवण राहील, म्हणून म्होरकीचा, चांदीचा, फोटो काढला आणि माझ्या संगणकावर मावशींना दाखवला. कपाळावर पांढरा टिकला असलेली ही शेळी मावशींनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. करडू असताना तिचा मागचा डावा पाय तारेच्या कुंपणात अडकला होता, तेव्हापासून ती जराशी लंगडायची. मावशींनी दारातूनच पडद्याकडे पाहिलं.

"ही मेली का काय?"

"नाही हो मावशी, उभी आहे."

"चांदी कुटं उभी ऱ्हाती व्हय? मला चालती पायजे."

मी पडलो संगणकवाला. छाती फुगवून सांगितलं, की आपण चालती करू. बारा चित्रं काढायची, दर चित्रात पाय थोडा थोडा पुढे सरकवायचा आणि भराभर एकामागून एक दाखवायची. डोळा फसतो.

"डोळा फसू दे," मावशी म्हणाल्या, "चांदी फसाया नगं."

हा मंगळवार. रोज संध्याकाळी मी कामावरून आलो, की शिकवणी सुरू. उभ्यानं काढता यावं म्हणून तो अवजड पडदा मी टेबलावरून उचलून लोखंडी ट्रंकांच्या उतरंडीवर चढवला. पहिली शेळी मी काढून दाखवली. "ही बाज झाली," असा निकाल लागला. दुसरीचे पुढचे दोन्ही पाय मी एकदम उचलले, तर मावशींनी कपाळावर हात मारला. "आरं, त्वांडावर आपटंल की ती! आदी मागचा डावा, मग म्होरचा डावा, मग मागचा उजवा. शेरडाच्या मागनं कवा चाललाच न्हाईस का तू?" मी खरंच चाललो नव्हतो. माऊस त्यांनी काढून घेतला, तो मला पुन्हा मिळाला नाही. चित्र संपलं, की त्या खाली वाड्यात जायच्या, चांदीला चार पावलं चालवून पाय निरखायच्या, मग वर येऊन पुढचं चित्र. बारा चित्रांना किती जिने झाले ते त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक. लंगडणं काही केल्या जमेना, तेव्हा मी सांगितलं, की एखादं चित्र पडद्यावर जास्त वेळ थांबवता येतं. त्यांचे डोळे चमकले. "मागचा डावा टेकताना थांबीव. तितं ती दम खाती." थांबवलं, आणि खरोखर, चांदी लंगडू लागली. आम्ही दोघंही लहान पोरांसारखे हसलो.

शुक्रवारी बारा चित्रं पुरी झाली. चांदी डावीकडून निघाली, उजवीकडे नाहीशी झाली, पुन्हा डावीकडून निघाली. मावशींनी चार वेळा बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"ही सारखी जातीयाच. परत कवा येती?"

मी म्हटलं, हे असंच असतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्या उसळल्या. "चाळीस वर्सं शेरडं राखली मी. दिवस मावळल्याव एक बी भाईर ऱ्हायली न्हाई. आन् ही जातीया ती जातीयाच?"

मी हुशारी केली. तीच चित्रं उलट्या क्रमानं लावली. चांदी शेपटी पुढे करून मागे मागे घरी आली. "रिक्षा हाय का ती, मागं मागं घ्यायला?" मग मी क्रम पहिल्यासारखा केला आणि चित्रं आरशातल्यासारखी फिरवली. आता चांदी तोंड इकडे करून झोकात आली. माझ्या मते काम झालं होतं. मावशी मात्र पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "लंगडा पाय बदलला. ही आपली न्हवं." पाहिलं तर खरंच, फिरवलेल्या चित्रात तिचा उजवा पाय अधू झाला होता.

शनिवारी त्यांनी परतीची बारा चित्रं नव्यानं काढायला घेतली. मला जवळ येऊ दिलं नाही. रविवारी सकाळी टेम्पोचा भोंगा वाजला तेव्हा शेवटचं चित्र व्हायचं होतं. "थांब म्हनावं त्याला," त्या ओरडल्या, आणि ते पुरं करूनच खाली गेल्या. चांदी फळीवर पाय ठेवीना. मावशी आधी चढल्या, तेव्हा ती त्यांच्यामागून मुकाट चढली. मग मावशी उतरल्या, आणि फळी वर ओढली.

टेम्पो वळणाआड गेल्यावर त्या वर आल्या. "लाव."

मी लावलं. चांदी गेली, दम खात खात. मग चांदी आली, त्याच पायानं लंगडत, आणि तिच्यामागे एक हिरवा पट्टा हलत हलत येत होता.

"मावशी, हा डाग कसला?"

"डाग न्हवं. येताना मागं कुनी नगं व्हय तिच्या?"

एवढं बोलून मावशी माझ्या खाटेवर बसल्या. हात मांडीवर ठेवून. मला इतकं वाईट वाटलं, की त्यांच्याकडे बघवेना. बऱ्याच वेळानं त्या उठल्या आणि जिन्यातून म्हणाल्या, "बंद करशील तवा ती आत आल्याव कर. भाईर आसताना नगं."

मला सूस सोडूनही आता बरीच वर्षं झाली. मावशींचा मुलगा परवा फोनवर सांगत होता, आई मुठ्याला बहिणीकडे असते, गुडघे गेलेत, दिवसभर ओट्यावर बसून असते. माझा काही विश्वास बसला नाही. तीन संगणक बदलले, पण ती चोवीस चित्रं मी दर वेळी बरोबर घेतली. कधीमधी काम सोडून लावतो. चांदी जाते, मी थांबतो. ती परत येते, तिच्यामागून हिरवा फराटा येतो, आणि दोघी आत आल्या, की मी बंद करतो.