पेंढीचा पाव

माझी धाकटी जाऊ चित्रलेखा हट्टी आहे, हे मी तिच्या लग्नातच ओळखलं होतं. शहराच्या टार्निट उपनगरातलं आमच्या शेजारचं नवंकोरं घर विकून ती आणि यतीन वॉटल क्रीक नावाच्या खेड्यात राहायला निघाले, तेव्हा मी तिला चार शब्द सुनावलेच. तिथे आहे काय? गव्हाची शेतं, एक पब आणि काळ्या दगडाचं जुनं चॅपेल, तेही आपल्या वेशीवरच्या मारुतीच्या देवळाएवढं.

"ताई, किचनच्या विंडोतून रोज देऊळ दिसतं," ती म्हणाली. "अजून काय पाहिजे?"

पहिल्याच आठवड्यात चॅपेलच्या पायरीवर पाचोळा दिसला म्हणून ही बाई झाडू घेऊन गेली. चॅपेलची देखभाल करणाऱ्या मार्गारेटबाई बघतच राहिल्या. ऐंशी ओलांडलेल्या, ताठ आणि फटकळ. दोघींचं मेतकूट जमायला वेळ लागला नाही.

दर मार्चमध्ये, म्हणजे इकडच्या शरदात, तिथे सुगीचा रविवार असतो. लोक भोपळे, जॅमच्या बाटल्या, गव्हाच्या ओंब्या आणून वेदीपाशी मांडतात आणि मधोमध ठेवतात गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव. प्रार्थना झाली की तो मोडून सगळे खातात. हा पाव मार्गारेटबाईंच्या आजीपासून त्यांच्याच घरातून यायचा. यंदा बाईंचं मनगट मोडलं. लेक नाही, आणि शहरातल्या सुनेला यात रस नाही. चॅपेलच्या कमिटीचा रॉन म्हणाला, सुपरमार्केटमधून आणू. बाई म्हणाल्या, विकतचा ठेवायचा तर प्रथाच बंद करा. एवढं बोलून त्या तोंड फिरवून रडल्या.

"मी करते," चित्रलेखा म्हणाली.

रॉनला ते रुचलं नाही. "ती आपल्या चर्चची नाही, मार्गारेट."

"माझा हात मोडलाय, तुझे दोन्ही धड आहेत," बाई म्हणाल्या. "तू करतोस?"

रॉन निघाला, पण जाताना बजावून गेला, "फक्त या वर्षापुरतं."

मग बाई खुर्चीत बसून सांगायच्या आणि चित्रलेखा कणीक मळायची. ओंब्या कात्रीने कशा उठवायच्या, पेंढीचा बंध कसा वळायचा, सगळं शिकली. पेंढीच्या तळाशी कणकेचा एक उंदीर चिकटवायचा असतो, कारण शेतातला उंदीरही आपला वाटा खातो. हे ऐकून आमच्या बाईसाहेबांनी हात जोडले. तिने मला उंदराचा फोटो पाठवला, तेव्हा मी लिहिलं, "वाहन पोचलं, बाप्पा कधी येतायत?"

त्या रविवारी टार्निटहून आम्ही सगळे गेलो. वेदीवरचा तो सोनेरी पाव पाहून माझा ऊर भरून आला. आमच्या घरच्या पोरीने केला होता तो. प्रार्थना संपली, पाव मोडला, तुकडे वाटले. आणि सगळे नुसतेच चावत राहिले.

"मीठच नाही यात," रॉन म्हणाला.

खरंच होतं ते. पाव अगदी अळणी.

"कणीक चाखून मीठ घाल, असं सांगितलं होतं मी," मार्गारेटबाई म्हणाल्या.

चित्रलेखाचा चेहरा उतरला. "चाखली नाही. देवापुढे ठेवायचं ते आम्ही आधी चाखत नाही. मीठ अंदाजाने घातलं."

नैवेद्याच्या वरणाला तिचा अंदाज कधी चुकला नाही, पण पावाची एवढी कणीक तिने जन्मात मळली नव्हती. रॉनने आणखी एक शब्द काढला असता तर माझं त्याच्याशी तिथेच वाजलं असतं.

मार्गारेटबाईंनी हातातला तुकडा सावकाश संपवला. "मी आयुष्यभर चिमूटभर कणीक आधी तोंडात टाकत आले," त्या म्हणाल्या. "म्हणजे देवाला इतकी वर्षं माझं उष्टंच मिळालं." मग चांगल्या हाताने त्यांनी चित्रलेखाचा हात धरला. "पुढच्या वर्षीही तू चाखू नकोस. मीठ मी मोजून देईन."

पुढच्या वर्षी. चित्रलेखाचे डोळे भरले आणि, कबूल करते, माझेही. आजूबाजूच्या अनोळखी लोकांना मी न विचारताच सांगत सुटले, ही माझी जाऊ.

रॉन चहाच्या टेबलाकडे गेला होता. तो बटरचा डबा घेऊन परत आला, आपल्या तुकड्यावर जाड थर लावला आणि डबा चित्रलेखापुढे धरला.

"पुढच्या वर्षी उंदीर जरा मोठा कर," तो म्हणाला. "माझ्या शेतातले चांगले माजलेत."